शेतातल्या भाजीची पिशवी, अन् पैसे आधीच? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही हिंगणघाटले राहतो, घरी मी, मिस्टर, सासूबाई अन् दोन पोट्टे. इथून दहा-बारा किलोमीटरवर एक शेतकरी दादा अन् वहिनी रासायनिक फवारणी न करता भाजी पिकवून राहिले. ते म्हणतात दिवाळी ते होळी दर रविवारी पाच-सहा किलोची पिशवी घरी आणून देऊ, शेतात जे निघेल ते, पण सीझनचे ६००० रुपये आत्ताच सप्टेंबरमध्ये द्या. मिस्टर म्हणतात बाजारात हातानं निवडून भाजी भेटते तर आगाऊ पैसे देऊन दुसऱ्याच्या मर्जीची भाजी काऊन खायची? मले तर घ्यावंसं वाटते, पण पैसे बुडाले तर वर्षभर ऐकावं लागेल. काय करू? – एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : आधी मिस्टरांचा हिशोब करून टाकू म्हणजे घरातला वाद अर्धा मिटेल. दिवाळी ते होळी म्हणजे धरा अठरा आठवडे, म्हणजे पिशवी पडली ३३३ रुपयांना, साडेपाच किलो धरली तर साठ रुपये किलो. आता जानेवारीत आपल्याकडच्या बाजारात काय असते ते तुम्हाला माहीत आहे, भेदरं (टोमॅटो) कोणी विचारत नाही, पत्ताकोबीचे ढीग पडून असतात, मेथीची जुडी तर अक्षरशः गळ्यात मारतात, कारण थंडीची भाजी सगळ्यांची एकदमच निघते. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून घेऊन राहिल्या असाल तर घेऊ नका, मिस्टर बरोबर आहेत, जानेवारीत तुम्हाला ही पिशवी महागच वाटणार.

पण मग घ्यायची कशासाठी, तर सकाळी तोडलेला पालक दुपारी गॅसवर असतो त्यासाठी, अन् कोणी काय फवारलं हे तोंडावर विचारता येते त्यासाठी. बाजारातल्या भाजीवाल्या मावशीला विचारून पाहा, ती बिचारी काय सांगणार, माल तिनं अडत्याकडून उचललेला असतो.

सप्टेंबरमध्येच पैसे का मागून राहिले हाही प्रश्न बरोबर आहे, त्यात मला तरी काही काळंबेरं दिसत नाही. आपल्या भागातल्या शेतकऱ्याचा पैसा तेव्हा पूर्ण कापूस-सोयाबीनमध्ये अडकलेला असतो, सोयाबीन घरात यायची असते, कापसाची वेचाई सुरू झाली की बायांची मजुरी दर आठवड्याला रोख द्यावी लागते, अन् नेमकं त्याच वेळी थंडीच्या भाजीचं बी, रोपं, ठिबकच्या नळ्या घ्यायच्या असतात. ते पैसे तुम्ही नाही दिले तर कृषी केंद्रातून उधारीवर येतात नाहीतर सावकाराकडून, अन् त्याचं व्याज भाजीतूनच निघते. ही पद्धत यांनी शोधलेली नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात घरातल्या बायांनी शेतकऱ्यांशी असेच थेट करार केले होते, त्याला तिकडे तेइकेई म्हणतात, अन् अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स अन् न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी सीझनचा हिस्सा आगाऊ विकायला सुरुवात केली. दोन्हीकडे मुद्दा तोच की पीक चांगलं आलं तर पिशवी भरून येईल अन् बिघडलं तर थोडी रिकामी येईल, ते नुकसान शेतकऱ्यानं एकट्यानं सोसायचं नाही.

आता हे "बिघडलं तर" नीट समजून घ्या, सगळं इथेच अडते. आपल्याकडे काय काय होऊ शकते? रानडुकरं एका रात्रीत वाफे उकरून टाकतात, रोही (नीलगाई) मटार अन् हरभरा साफ करतात, वावरातली लाईन रात्रीची असली तर ओलीत करायला माणूस थंडीत जागा राहायला पाहिजे, अन् फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की भेदरं अन् वांगी दोन्ही संपली. नोव्हेंबरमध्ये तर भाजी असूनही पिशवी हलकी येऊ शकते कारण सगळ्या बाया कापूस वेचायला जातात अन् भाजी तोडायला कोणी भेटतच नाही. दादाला सरळ विचारा, की गारपीट झाली तर तुम्ही काय करणार? तो म्हणाला "काही होत नाही ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका" तर थोडं सावध व्हा. पण म्हणाला की त्या आठवड्यात अर्धी पिशवी देईन किंवा बदल्यात तूरडाळ, हळद असं काही देईन, नाहीतर होळीनंतर दोन पिशव्या जास्तीच्या देईन, तर त्यानं यावर आधीच विचार केलेला आहे. हे साध्या वहीच्या पानावर लिहून दोघांनी सही करायची, यात लाजण्यासारखं काही नाही.

पैसे देण्याआधी एकदा शेतात जाऊन या, अन् रविवारी बोलावून चहा पाजतात तेव्हा नाही, मधल्याच एखाद्या दिवशी जा. जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताचा, ड्रम आहे का पाहा. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, तेवढंच गोमूत्र, दोन किलो गूळ अन् दोन किलो बेसन असं ते बनते, ज्याच्याकडे ते खरंच बनते त्याच्या ड्रमाजवळ उभं राहिलं की नाकालाच कळते. पिवळे चिकट सापळे लावलेत का, पानांवर थोडीफार भोकं आहेत का हेही पाहा, कारण रसायन नाही अन् एकही पान खाल्लेलं नाही असं होत नाही. शेजारच्या वावरात कापूस असेल तर धुऱ्यावर (बांधावर) काय लावलं तेही विचारा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले होते, तेच औषध वाऱ्यानं तुमच्या पालकावर येऊ शकते, म्हणून मधात मक्याच्या किंवा तुरीच्या दाट ओळी पाहिजे. सेंद्रिय शेतीचं सर्टिफिकेट पाहिजेच असेल तर पीजीएस-इंडिया नावाची सरकारी पद्धत आहे, त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. एकट्या जोडप्याकडे ते नसेल तर लगेच खोटं समजू नका, गावात तेवढे शेतकरी जमवणं सोपं नसते.

अजून एक, ही पिशवी आली म्हणजे बाजार बंद होईल असं समजू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे, तुम्ही तिघं मोठेच धरले तरी आठवड्याला आठ किलोच्या वर जाते, अन् आलू त्यात मोजत नाहीत. म्हणजे कांदे-आलू अन् थोडी भाजी बाजारातून येईलच, मिस्टरांची निवडून घ्यायची हौसही राहील. सासूबाईंना काय चालत नाही ते दादाला आधीच सांगून ठेवा.

माझं मत विचाराल तर घ्या, पण ३००० आत्ता द्या अन् ३००० संक्रांतीला. तो नाही म्हणाला तर शेजारणीला सोबत घेऊन अर्धी-अर्धी पिशवी करा. दोन्ही जमत नसेल तर या वर्षी राहू द्या.

प्रश्न : ताई मी शेतकरी आहो, दारव्हा तालुका, एक एकर ओलिताचं आहे, विहिरीले मार्चपर्यंत पाणी राहते. दारव्ह्यातले मास्तर लोक अन् बँकवाले म्हणून राहिले की आमाले दर आठवड्याले भाजी दे, पैसे आगाऊ घे. किती घरं घेऊ? मायावाला विचार तीस-चाळीसचा आहे. बाजार समितीची काही भानगड होते का? – एक शेतकरी

उत्तर : बापा, चाळीस नका घेऊ! पहिल्या वर्षी दहा घरं घ्या, बाकीची भाजी नेहमीसारखी बाजारात नेत जा, कारण चाळीस जणांचे पैसे घेऊन तिसऱ्याच आठवड्यात पिशवीत नुसता मुळा गेला तर मास्तर लोक पुढच्या वर्षी तुमच्या गल्लीतून सुद्धा जाणार नाहीत.

खरा कस पेरणीत आहे. बाजारासाठी लावता तसं एकदम लावून जमत नाही. मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर) दर दहा-पंधरा दिवसांनी एक-एक वाफा टाकायचा, मेथी महिन्याभरात निघते तेव्हा पुढचा वाफा तयार पाहिजे. पत्ताकोबी-फुलकोबीचं रोपही तीन टप्प्यांत लावा, नाहीतर सगळे गड्डे एकाच आठवड्यात फुटतील. वांगी अन् भेदरं लांब चालतात, तो तुमचा पिशवीचा तळ समजा. वालाच्या शेंगा कुंपणावर चढवा. तुरीच्या ओल्या शेंगा डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे असतीलच, शहरातले लोक सोलेभातासाठी त्याच्यावर तुटून पडतात अन् तुम्हाला वेगळी मेहनत काहीच नाही.

पैसे महिन्याचे महिन्याला आगाऊ घ्या, पूर्ण सीझनचे पहिल्याच वर्षी नको. पोरीच्या फीत नाहीतर दवाखान्यात खर्च झाले तर परत कुठून देणार? बाजार समितीचं म्हणाल तर राज्यात २०१६ मध्येच फळं-भाजीपाला नियमनातून काढला, घरपोच थेट विकायला अडचण नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर शनिवारी संध्याकाळीच टाकून द्या की उद्या पिशवीत काय येणार, मग रविवारी फोनवर फोन येत नाहीत. अन् कमी पडली म्हणून बाजारातून आणून भरली तर तसं सांगून भरा, बँकवाल्याची बायको त्याच बाजारात जाते, ती जुडी ओळखते.

प्रश्न : आम्ही मागच्या वर्षी अशी पिशवी लावली होती. दर रविवारी वांगी, वांगी अन् वांगीच! पोट्टे पिशवी पाहूनच पळतात. या वर्षी पुन्हा लावावी का? – एक वैतागलेली गृहिणी, आर्वी

उत्तर : वांग्याचं झाड एकदा लागलं की दोन-तीन महिने देतच राहते, शेतकऱ्याचा नाइलाज असतो, अन् विदर्भात राहून वांग्याची तक्रार करायची म्हणजे तुमचीही कमालच आहे! पण पोट्ट्यांचंही खरं आहे. त्याच पिशवीवाल्या दुसऱ्या दोन-तीन घरांशी बोला, कोणाला तुमची वांगी पाहिजे असतात अन् कोणाला अंबाडी नको असते, रविवारीच अदलाबदल करून टाका. अंबाडी आली तर ज्वारीच्या कण्या अन् तुरीची डाळ टाकून शिजवा, वरून लसणाची फोडणी, पोट्टे खातात. तरी वांगी उरलीच तर चकत्या करून कडक उन्हात वाळवून डब्यात भरा, मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात बाजारात भाजी सुकलेली अन् महाग असते तेव्हा त्याच भिजवून रस्सा करता येतो. मोठी वांगी वाळवू नका, ती भरताला ठेवा अन् गॅसवर न भाजता तुऱ्हाटीवर (तुरीच्या वाळल्या काड्यांवर) भाजा. या वर्षी पिशवी लावताना मात्र आधीच सांगा, एका पिशवीत वांगी एक किलोच्या वर नको.