वाचकांचे प्रश्न: वेबपानावरचे हट्टी बग

या वेळच्या पाचही पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे आहेच: ‘सगळं करून पाहिलं.’ म्हणून उत्तरांत दुरुस्तीइतकीच जागा बिघाड पकडण्याला दिली आहे. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे छापले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

प्रश्न: पानावर शोधपेटी केली आहे. अक्षरं टाइप होत जातात तशा सर्व्हरकडून सूचना येतात आणि खाली यादी दिसते. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं, पण मोबाइलवर मधूनच आधीच्या अर्धवट शब्दाची यादी दिसते. दोन आठवड्यांत तीनदा नव्याने लिहून झालं. चौथ्यांदा लिहू का?

उत्तर: नको, चौथ्यांदाही तेच होईल. दोष उत्तरं परत येण्याच्या क्रमात आहे. ‘प’ टाइप झाला की एक विनंती जाते, ‘पा’ला दुसरी, ‘पाव’ला तिसरी, ‘पावस’ला चौथी. ‘प’ला जुळणाऱ्या नोंदी सगळ्यांत जास्त, म्हणून सर्व्हरला त्या शोधायला वेळ लागतो आणि उत्तरही आकाराने मोठं असतं. ‘पावस’चं उत्तर आधी पोचतं, यादी बरोबर दिसते, आणि मग रेंगाळलेलं ‘प’चं उत्तर येऊन तिच्यावर बसतं. सर्व्हर लॅपटॉपवरच चालत असेल तर प्रत्येक उत्तर काही मिलिसेकंदांत येतं. तिथे मागचा पुढे जायला फारसा वावच नसतो.

आधी हा बग हुकमी दिसेल असं करा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मंद करता येतं, पण त्याने सगळ्याच विनंत्या सारख्या मंद होतात, क्रम बहुधा तसाच राहतो आणि उगाच ‘गेला वाटतं बग’ असा भास होतो. त्यापेक्षा सर्व्हरच्या कोडमध्ये तात्पुरता विलंब घाला: शोधशब्दाची लांबी 1 असेल तर 2000 मिलिसेकंद, 2 असेल तर 1000, त्याहून जास्त असेल तर 100. (जावास्क्रिप्टची ‘लेंग्थ’ काना वेगळा मोजते, ‘पा’ची लांबी 2 भरते.) आता भराभर ‘पावस’ टाइप करा. दर वेळी चुकीची यादी दिसली पाहिजे. तोवर दुरुस्तीला हात लावू नका. कधीमधी दिसणारा बग खरंच गेला की नुसता दडून बसला, हे ओळखायला काही साधन नसतं, आणि तुमचे दोन आठवडे नेमके तिथेच गेले आहेत.

आता दुरुस्ती. बरेच जण इथे डिबाउन्स लावून मोकळे होतात, म्हणजे शेवटचं अक्षर टाइप झाल्यावर 250 ते 300 मिलिसेकंद थांबून मगच विनंती पाठवतात. ते जरूर करा, सर्व्हरवरचा भार कमी होतो. पण हा त्या दुखण्यावरचा इलाज नाही. ‘प’ लिहून कोणी अर्धा सेकंद थांबला की विनंती गेलीच.

खरा उपाय ‘ॲबॉर्ट-कंट्रोलर’, म्हणजे पाठवलेली विनंती मधेच रद्द करण्याची जावास्क्रिप्टमधली सोय. नवी विनंती पाठवण्याआधी जुन्या कंट्रोलरवर ‘ॲबॉर्ट’ बोलवा, नवा कंट्रोलर तयार करा आणि त्याचा ‘सिग्नल’ ‘फेच’ला (विनंती पाठवणाऱ्या फंक्शनला) द्या. यात तीन जागी पाय घसरतो. पहिली, एकच कंट्रोलर पुन्हा पुन्हा वापरणं: एकदा रद्द झालेला सिग्नल कायमचा रद्द राहतो, त्यामुळे पुढची प्रत्येक विनंती जागच्या जागी फसते आणि दोष सर्व्हरचा वाटतो. दुसरी, रद्द झालेली विनंती ‘ॲबॉर्ट-एरर’ नावाची चूक फेकते. ‘कॅच’मध्ये (चूक पकडणाऱ्या भागात) हे नाव तपासून गप्प बसायचं, नाहीतर प्रत्येक अक्षराला ‘काहीतरी चुकलं’ असा लाल फलक झळकेल. तिसरी जागा जवळजवळ सगळेच विसरतात: पेटी पूर्ण रिकामी केली तरी जुनी विनंती रद्द करावी लागते. ती केली नाही, तर मोकळ्या पेटीखाली यादी उगवते.

रद्द करणं शक्य नसेल तर प्रत्येक विनंतीला चढता क्रमांक द्या आणि यादी रंगवण्याच्या अगदी आधी ‘हा क्रमांक अजून शेवटचा आहे का’ ते तपासा. ‘अगदी आधी’ला अर्थ आहे. उत्तराचं जेसन (सर्व्हरने ज्या मांडणीत माहिती पाठवली ती) वाचणं हीसुद्धा थांबून होणारी क्रिया असते, त्यामुळे तपासणी तिच्यानंतर हवी.

जाता जाता: सर्व्हरने 404 (सापडलं नाही) किंवा 500 (सर्व्हरमध्ये बिघाड) दिलं तरी फेच त्याला चूक मानत नाही. ‘रिस्पॉन्स.ओके’ स्वतः बघावं लागतं.

प्रश्न: पानाच्या वर चिकटून राहणारी पट्टी हवी आहे. ‘पोझिशन: स्टिकी’ आणि ‘टॉप: 0’ दिलं आहे. नव्या कोऱ्या पानावर चालतं, खऱ्या पानावर पट्टी सरळ वर निघून जाते. इंटरनेटवरचे सगळे उपाय करून पाहिले.

उत्तर: कोऱ्या पानावर चालतं ही फार मोलाची माहिती आहे. तुमच्या दोन ओळी बरोबर आहेत, अडथळा वरच्या एखाद्या डब्यात आहे. स्टिकी घटक आपल्या सर्वांत जवळच्या स्क्रोल होऊ शकणाऱ्या पूर्वजाला (ज्याच्या आत तो आहे अशा डब्याला) धरून चिकटतो. एखाद्या पूर्वजाला ‘ओव्हरफ्लो’ (डब्यात न मावणाऱ्या भागाचं काय करायचं तो नियम) हिडन, ऑटो किंवा स्क्रोल दिलं असेल तर पट्टी त्याला धरून बसते. तो डबा स्वतः हलतच नसतो, म्हणून चिकटण्याची वेळही येत नाही.

नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मोबाइलवर पान आडवं सरकू नये म्हणून कोणीतरी टाकलेलं ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’. एका दिशेला हिडन दिलं की दुसऱ्या दिशेचं ‘व्हिजिबल’ आपोआप ‘ऑटो’ होतं. फाइलमध्ये ‘ओव्हरफ्लो-वाय’ कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे फाइलमध्ये शोधून ते सापडत नाही. डेव्हलपर टूल्सच्या इन्स्पेक्टरमध्ये पट्टी निवडा, तिथल्याच कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या भागात) ती $0 या नावाने मिळते. तिथून ‘पॅरेंट-एलिमेंट’ धरून एकेक पायरी वर चढा आणि प्रत्येक घटकाचं ‘गेट-कम्प्युटेड-स्टाइल’मधलं ओव्हरफ्लो छापा. ‘व्हिजिबल’ नसलेला पहिला घटक सापडला की तिथे हिडनऐवजी ‘क्लिप’ द्या. क्लिप बाहेरचा भाग कापतं, पण स्क्रोलचा डबा बनवत नाही.

त्यानेही भागलं नाही तर पट्टीच्या थेट पालकाची उंची पाहा. स्टिकी घटक पालकाच्या हद्दीबाहेर जात नाही. पालक पट्टीएवढाच उंच असेल तर तिला सरकायला जागाच उरत नाही. बाजूच्या स्तंभाचं उलटं होतं: फ्लेक्स किंवा ग्रिड मांडणीत तो ताणून शेजाऱ्याएवढा उंच केला जातो, म्हणून चिकटल्याचं दिसत नाही. त्याला ‘अलाइन-सेल्फ: स्टार्ट’ द्या.

प्रश्न: यादीत ‘दुसऱ्या’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. बाकी शब्द सापडतात. फॉन्ट बदलून पाहिले.

उत्तर: फॉन्टचा संबंध नाही. संगणकाच्या लेखी हे एकसारखे दिसणारे वेगवेगळे शब्द आहेत. ऱ हे अक्षर एका सांकेतिक अंकाने (यू+0931) लिहिता येतं, किंवा र आणि खाली नुक्ता असं दोन अंकांनी. तिसरा प्रकार जुन्या मजकुरात भेटतो: र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक (यू+200डी). पहिले दोन प्रकार जावास्क्रिप्टच्या ‘नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारा प्रकार) सांगितलं की एक होतात. तिसरा होत नाही.

म्हणून तुलनेपुरती दोन्ही बाजूंची वेगळी प्रत करा: आधी एनएफसी, मग ऱ चा र, मग शून्य-रुंदीची चिन्हं काढून टाका. मूळ मजकुराला हात लावू नका. असं केल्यावर ‘आचार्यांना’ शोधताना ‘आचाऱ्यांना’ही हाती लागेल. शोधात तेवढं चालतं, छापील मजकुरात गुरुजी स्वयंपाकघरात गेले तर चालत नाही.

प्रश्न: कालपर्यंत चालणारी फोटोंची सरकती पट्टी आज बंद आहे. मधे खूप बदल झाले. कुठून सुरुवात करू?

उत्तर: ब्राउझर तुमचीच ताजी फाइल चालवतोय ना, तिथून. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कन्सोलवर एक नवा शब्द छापा. तो दिसला नाही तर कॅश (ब्राउझरने साठवलेली प्रत) किंवा सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट) जुनी फाइल देतोय. ‘डिसेबल कॅश’ची खूण डेव्हलपर टूल्स उघडी असेपर्यंतच लागू असते, हेही लक्षात असू द्या.

शब्द दिसला तर ‘गिट बायसेक्ट’ वापरा: कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची ही आज्ञा बिघाड आणणारा कमिट (नोंदवलेला बदल) शोधून देते. ‘स्टार्ट’ द्या, आजच्या कमिटला ‘बॅड’ म्हणा, चालत असलेल्या जुन्या कमिटला ‘गुड’. गिट मधला कमिट समोर ठेवतं, तुम्ही पान उघडून पुन्हा गुड किंवा बॅड सांगता. 64 कमिट असतील तर 6 तपासण्या, 1000 असतील तर साधारण 10. झालं की ‘रिसेट’.

पण जुना ‘चालणारा’ कमिटही आज चालत नसेल, तर बायसेक्ट तिथेच थांबवा. मग कारण तुमच्या कोडबाहेर आहे: आवृत्ती न लिहिता बाहेरच्या दुव्यावरून घेतलेली लायब्ररी, सर्व्हरवरून येणाऱ्या माहितीचा बदललेला आकार, किंवा ब्राउझरची नवी आवृत्ती. लायब्ररीच्या दुव्यात नेमकी आवृत्ती लिहा. एनपीएम या साधनाने पॅकेजं (बाहेरच्या लायब्ररी) टाकताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा, म्हणजे लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या नेमक्या आवृत्त्याच येतात.

प्रश्न: कार्डावर क्लिक केलं की उघडणारी खिडकी पानाच्या मथळ्याखाली लपते. ‘झेड-इंडेक्स’ (कोण वर, कोण खाली ते ठरवणारा आकडा) 10 पासून 99999 पर्यंत वाढवला. आता ही सोय सोडूनच द्यावी म्हणतो.

उत्तर: सोय ठेवा, झेड-इंडेक्स सोडा. हा आकडा साऱ्या पानाचा नसतो, आपल्या थरापुरता असतो. कार्डाला ‘ट्रान्सफॉर्म’, ‘फिल्टर’ किंवा 1 पेक्षा कमी ‘ओपॅसिटी’ असेल तर कार्ड स्वतःचा थर तयार करतं आणि आतल्या खिडकीचे 99999 त्या थरातच संपतात. बाहेर तुलना होते ती कार्डाची आणि मथळ्याची. ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर असेल तर ‘पोझिशन: फिक्स्ड’ही स्क्रीनऐवजी कार्डाच्या हिशेबाने बसतं. खिडकी तिरपागडी उघडत असेल तर तेच कारण. खात्री करायला इन्स्पेक्टरमध्ये कार्डाच्या नियमांवरच्या खुणा एकेक करून काढा. जी काढल्यावर खिडकी वर येते तिथे उत्तर आहे.

ही खिडकी मूळच्या ‘डायलॉग’ घटकात लिहा आणि ‘शो-मोडल’ने उघडा. ती सगळ्या थरांच्या वर जाते, झेड-इंडेक्स लागतच नाही, एस्केपने बंद होते आणि मागचं पान क्लिक होत नाही. नुसत्या ‘शो’ने यातलं काहीच मिळत नाही. बाहेर क्लिक केल्यावर ती बंद व्हायला हवी असेल तर डायलॉगवर क्लिक ऐका आणि ‘इव्हेंट.टार्गेट’ डायलॉग स्वतः असेल तरच बंद करा. त्याचं पॅडिंग शून्य करून आतला मजकूर वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर कडेच्या रिकाम्या जागेवरच्या क्लिकनेही खिडकी मिटेल. आणि डायलॉगला थेट ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ देऊ नका: बंद असतानाचं ‘डिस्प्ले: नन’ त्याने खोडलं जातं आणि पान उघडताच खिडकी समोर हजर. तो नियम ‘ओपन’ गुणधर्म असलेल्या डायलॉगपुरताच लिहा.