तासाला १८ डॉलर रोख: मेलबर्नला निघण्याआधी एवढं गणित करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २४, पुण्यात नगर रोडवरच्या एका मॉलमध्ये फूड कोर्टच्या काउंटरवर शिफ्ट सांभाळता, येत्या फेब्रुवारीत मास्टर्ससाठी मेलबर्नला येताय. मामांच्या ओळखीतल्या एकाचं तिथल्या शॉपिंग सेंटरमध्ये इंडियन फूडचं काउंटर आहे. आठवड्याला २० तास काम आणि तासाला १८ डॉलर, रोख, असं त्यांनी कबूल केलंय. सुरुवातीला हे बरे आहेत का?

बरे नाहीत. कायद्याने जे मिळायला हवं त्याच्या जवळपास निम्मेच आहेत. १८ ला रुपयांच्या भावाने गुणलं की पुण्याच्या पगारापुढे आकडा मोठा दिसतो, पण घरभाडं, ट्रामचं तिकीट आणि दूध तुम्ही डॉलरमध्येच घेणार आहात. तो गुणाकार सोडा आणि इथला हिशोब बघा.

ऑस्ट्रेलियात बहुतेक धंद्यांना ‘अवॉर्ड’ लागू असतो. अवॉर्ड म्हणजे त्या त्या धंद्यापुरते पगाराचे आणि कामाच्या अटींचे कायदेशीर किमान नियम. फूड कोर्टमधल्या काउंटरला ‘फास्ट फूड इंडस्ट्री अवॉर्ड’ लागतो. टेबलावर बसवून जेवण वाढणाऱ्या हॉटेलला ‘रेस्टॉरंट इंडस्ट्री अवॉर्ड’, आणि पब किंवा राहण्याच्या हॉटेलातल्या किचनला तिसराच. त्यामुळे रेस्टॉरंटमधल्या मित्राचा दर आणि तुमचा दर वेगळा निघाला तर दचकू नका. मोठ्या साखळ्यांमध्ये कधीकधी कंपनीचा स्वतंत्र करार असतो, पण त्यातला मूळ दर अवॉर्डच्या मूळ दरापेक्षा खाली जाऊ शकत नाही.

फास्ट फूड अवॉर्डमध्ये लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या, प्रौढ कामगाराचा मूळ दर १ जुलै २०२५ पासून तासाला २६.५५ डॉलर आहे. तुम्हाला घेतील ते बहुधा कॅज्युअल म्हणून, म्हणजे ठरलेल्या तासांची हमी नसलेला कामगार म्हणून. त्याला वर २५ टक्के: सोमवार ते शुक्रवार ३३.१९ डॉलर. शनिवारी आणि रविवारी लेव्हल १ च्या कॅज्युअलला मूळ दराच्या १५० टक्के, म्हणजे ३९.८३. सार्वजनिक सुट्टीला २५० टक्के, म्हणजे ६६.३८. रात्री दहानंतर आणि मध्यरात्रीनंतर आणखी थोडा चढा दर लागतो. एकविसाच्या आतल्या मुलांचे दर कमी असतात, तुम्हाला तो मुद्दा नाही.

आता तुमचे २० तास मांडा. समजा १४ तास आठवड्यातल्या दिवसांचे आणि ६ तास शनिवारचे. १४ गुणिले ३३.१९ म्हणजे ४६४.६६, अधिक ६ गुणिले ३९.८३ म्हणजे २३८.९८. एकूण ७०३.६४ डॉलर. मामांच्या ओळखीतल्या त्या काउंटरवाल्या काकांचे होतात ३६०. आठवड्याला ३४३ डॉलर कमी, आणि यात अजून सुपर धरलेलं नाही. सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखा निवृत्ती निधी. फरक असा की तो कापून घेत नाहीत, मालकाने पगाराच्या वर १२ टक्के भरायचा असतो. वरच्या आठवड्याला ते ८४ डॉलर होतात.

हे दर दरवर्षी १ जुलैला बदलतात. फेअर वर्क ऑम्बड्समन या सरकारी यंत्रणेच्या साइटवर ‘पे अँड कंडिशन्स टूल’ आहे. त्यात अवॉर्ड, लेव्हल, वय आणि कॅज्युअल की पार्ट-टाइम हे भरलं की दर समोर येतो. पुण्यात बसून आजच करून बघा. लेव्हल निवडताना मात्र सावध राहा. ऑर्डर घेणं, भाज्या चिरणं, फ्रायर सांभाळणं ही लेव्हल १. रोजची देखरेख, नव्यांना शिकवणं किंवा प्रशिक्षित आचाऱ्याचं कसब लागणारं काम आलं की लेव्हल २, आणि दुकानाचा ताबा सोपवला की ३. पुण्यात शिफ्ट सांभाळल्याचा अनुभव बघून मालक तुमच्या हातात किल्ल्या देईल आणि पगार मात्र लेव्हल १ चा ठेवेल. हे इतकं सर्रास होतं की कुणाला त्यात काही गैर वाटेनासं झालंय.

कॅज्युअलचे ते २५ टक्के बक्षीस म्हणून मिळत नाहीत. त्याबदल्यात भरपगारी रजा नाही, आजारी पडलात तर पगार नाही, आणि पुढच्या आठवड्यात तास मिळतीलच याची खात्री नाही. परीक्षेच्या दिवसांत तास कमी करून घेता येतात, ही सोय. जानेवारीत फूड कोर्ट ओस पडलं की रोस्टरवरून, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकावरून, तुमचं नाव गळतं, ही गैरसोय. एकदा बोलावलं की फास्ट फूडमध्ये किमान ३ तासांचा पगार द्यावाच लागतो. ‘आज गिऱ्हाईक नाही, जा घरी’ म्हणून तासाभरात पाठवलं तरी पैसे तीन तासांचे. ब्रेक शिफ्टची पुण्यातली सवय इथे चालवून घेऊ नका. दुपारी तीन तास बिनपगारी बसवून संध्याकाळी परत उभं करणारा मालक तुमचा अख्खा दिवस अर्ध्या पैशांत घेतो.

आता काका काय काय म्हणतील ते.

‘ट्रेनिंग आहे, दोन आठवडे पैसे नाहीत.’ चालत नाही. बिनपगारी ट्रायल फक्त काम येतं का हे दाखवण्यापुरती, देखरेखीखाली, आणि लागेल तेवढाच वेळ. काउंटरवर हे दाखवायला तासभर पुरतो. गिऱ्हाइकाला प्लेट भरून दिलीत की ते काम झालं.

‘स्टुडंट रेट हाच असतो.’ असा दर अस्तित्वात नाही. व्हिसा कुठलाही असो, अवॉर्ड तोच.

‘रोख घे, टॅक्स वाचेल.’ रोख पगार बेकायदा नाही, पे-स्लिपशिवायचा पगार बेकायदा आहे. वाचणारा टॅक्स मुख्यतः त्यांचा असतो. सहा महिन्यांहून मोठ्या कोर्ससाठी आलेला विद्यार्थी साधारणपणे करापुरता रहिवासी धरला जातो. २०२५-२६ च्या दरांनी त्याला वर्षाला पहिल्या १८,२०० डॉलरवर कर नाही आणि पुढे ४५,००० पर्यंत १६ टक्के. आठवड्याला साडेतीनशे डॉलर सोडून द्यावेत असा हा कर नाही.

‘एबीएन काढ, इनव्हॉइस दे.’ एबीएन म्हणजे ऑस्ट्रेलियन बिझनेस नंबर, तो स्वतंत्र व्यावसायिकाला लागतो. रोस्टर मालकाचा, ॲप्रन मालकाचा, फ्रायर मालकाचा, तर तुम्ही नोकरच. एबीएनवर घेतलं की सुपर, कॅज्युअलची वाढ आणि विकेंडचा दर हे सगळं एका फटक्यात उडतं. ॲपवरून डिलिव्हरी करायला एबीएन लागतो ते खरं, पण ती वेगळी गोष्ट.

‘बँकेत पूर्ण टाकतो, निम्मे रोख परत दे.’ हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण कागद स्वच्छ दिसतात. २०१५ मध्ये सेव्हन-इलेव्हनच्या ऑस्ट्रेलियातल्या फ्रँचायझी दुकानांचं प्रकरण बाहेर आलं, त्यात हेही होतं आणि याचा भाऊही: काम ४० तास, नोंद २० तासांची. पगारपत्रकावर दर बरोबर, प्रत्यक्षात निम्मा. कंपनीला पुढे १६ कोटी डॉलरहून जास्त रक्कम कामगारांना परत द्यावी लागली, आणि त्यातले पुष्कळ कामगार आपल्यासारखे परदेशी विद्यार्थी होते. नामवंतांची हॉटेलं सुरक्षित, असंही धरू नका. २०१९ मध्ये मेलबर्नचे टीव्हीवर गाजलेले शेफ जॉर्ज कॅलोम्बारिस यांच्या कंपनीने ५१५ आजी-माजी कर्मचाऱ्यांना ७८.३ लाख डॉलर थकबाकी दिली.

फुटलेली प्लेट, गल्ल्यातली तूट, न भरता पळालेलं गिऱ्हाईक यांचे पैसे पगारातून कापणंही चालत नाही. कपात तुमच्या लेखी संमतीने आणि मुख्यतः तुमच्याच फायद्याची असावी लागते.

आता भीतीचं कारण. कोर्स चालू असताना स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, १ जुलै २०२३ पासून. पंधरवडा कुठल्याही सोमवारपासून मोजलेले १४ दिवस, त्यामुळे २०, २८, २० असे आठवडे लागले की दोन्ही जोड्या ४८ वर बसतात, पण २८ नंतर २४ आला की ओलांडली. सुट्टीत मर्यादा नाही. कोर्स सुरू होण्याआधी एक तासही काम करता येत नाही. कमी पगार देणारा मालक आधी जादा तास देतो आणि तक्रारीचं नाव काढलं की व्हिसाची आठवण करून देतो. अशी धमकी देणं १ जुलै २०२४ पासून मालकाचा गुन्हा आहे. पिळवणुकीची तक्रार फेअर वर्ककडे नेणाऱ्याचा व्हिसा कामाच्या अटीवरून रद्द होऊ नये याचीही व्यवस्था आहे. तरी पहिला इलाज हाच की मर्यादेच्या आत राहा, म्हणजे त्यांच्या हातात काही उरत नाही.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात कर खात्याच्या साइटवरून टीएफएनचा, म्हणजे टॅक्स फाइल नंबरचा (आपल्या पॅनसारखा), अर्ज करा. तो फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. यायला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात. अर्ज केला असेल तर तेवढी सवलत मिळते, नंतरही नंबर दिला नाहीत तर ४७ टक्के कर कापला जाईल. बँक खातं आणि सुपरचं खातं स्वतःच्या नावावर. काम सुरू करताना मालकाने फेअर वर्क माहितीपत्रक आणि कॅज्युअलचं वेगळं माहितीपत्रक द्यायचं असतं. ते हातात आलं नाही तर पुढचा अंदाज बांधायला हरकत नाही.

पे-स्लिप पगारानंतर एका कामकाजी दिवसात मिळाली पाहिजे. त्यावर मालकाचं नाव, एबीएन, कालावधी, तास, दर, विकेंडची वाढ वेगळी, कपात आणि सुपर बघा. सुपर खरंच भरलं का हे ‘मायगव्ह’ या सरकारी पोर्टलमधून कर खात्याच्या पानावर दिसतं. ३० जून २०२६ पर्यंतच्या नियमाने मालक तिमाहीने भरू शकतो, त्यामुळे तीन महिने काहीच दिसत नाही आणि तोवर नोकरी सुटलेली असते. १ जुलै २०२६ पासूनच्या नियमाने प्रत्येक पगारानंतर ७ कामकाजी दिवसांत सुपर पोचवावं लागतं.

स्वतःची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, जेवणाची सुट्टी खरोखर मिळाली का. रोस्टरचा फोटो, मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, दुकानात असतानाच्या फोनच्या लोकेशन नोंदी. मालकाने नीट नोंदी ठेवल्या नाहीत किंवा पे-स्लिप दिल्या नाहीत, तर दावा खोटा ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून ‘काहीच लिहिलेलं नव्हतं’ हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त अडचणीचं.

पैसे कमी आले तर आधी लेखी विचारा, फरकाचा आकडा घालून. अनेकदा इथेच सुटतं, कारण काही मालकांना खरंच १ जुलैचा बदल माहीत नसतो. नाही सुटलं तर फेअर वर्क, १३ १३ ९४. दुभाष्या हवा असेल तर १३ १४ ५०. मेलबर्नमध्ये ‘जॉबवॉच’ ही कायदेशीर सल्ला देणारी संस्था आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘स्टडी मेलबर्न’चं मदत केंद्र आहे. त्यानंतर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांची सोपी कोर्टप्रक्रिया: १,००,००० डॉलरपर्यंतचे दावे, वकिलाशिवाय. मागच्या ६ वर्षांचं येणं मागता येतं, भारतात परतल्यावरही. जाणूनबुजून पगार बुडवणं १ जानेवारी २०२५ पासून फौजदारी गुन्हा आहे, चुकून झालेलं त्यात येत नाही.

टिपचं एक. अमेरिकेतल्या चुलतभावाचं ऐकून इथलं गणित लावू नका. तिथे टिप मिळणाऱ्याला मालकाने द्यायचा संघराज्याचा किमान दर २.१३ डॉलर आहे, बाकी टिपमधून भरून निघतं. इथे टिप पगारात धरता येत नाही.

स्पॉन्सरशिपचं, म्हणजे मालकाने नोकरीवर वर्क व्हिसा मिळवून देण्याचं, गाजर दाखवतील. त्यासाठी पैसे मागणं किंवा देणं दोन्ही बेकायदा आहे. शिवाय कुक किंवा शेफ म्हणून स्पॉन्सर करायला फास्ट फूडचं काउंटर चालत नाही, आणि १ जुलै २०२५ पासून त्या व्हिसाला वर्षाला किमान ७६,५१५ डॉलर पगार लागतो. तासाला १८ देणारे तो कुठून देणार?

व्हिसासाठी दाखवलेले राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर खरोखर हाताशी ठेवा. पहिली नोकरी मिळायला दीड-दोन महिने जाऊ शकतात, आणि १८ डॉलरला हो म्हणणारे बहुतेक जण खिसा रिकामा झाल्यावरच म्हणतात.

काकांना नाही म्हणणं अवघड वाटत असेल तर मामांना मध्ये घालू नका. सरळ मेसेज करा: ‘काका, काम करायला नक्की आवडेल. टीएफएनवर, पे-स्लिप आणि सुपरसह, अवॉर्डच्या दराने जमत असेल तर मला लेव्हल आणि साधारण रोस्टर कळवा. फेब्रुवारीत कोर्स सुरू झाल्यावर लगेच येऊ शकेन.’ उत्तर ‘हो’ आलं तर फूड कोर्टचा तुमचा अनुभव तिथे कामाला येईल. ‘भेटल्यावर बोलू’ असं आलं, तर येण्याआधीच दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात करा.