फॉस्फेट ०.३८ वर परत का आलं, आणि आता खाली कसं आणायचं

भाऊ, तुमचं प्रकरण थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नागपुरात मनीषनगरातला, संपसकट (खालची फिल्टरची टाकी धरून) २०० लिटरचा, १४ महिन्यांचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक. फॉस्फेट ०.५८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), नायट्रेट ४, अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) ९.५ डीकेएच, रॉकवर हिरवं केसाळ शेवाळ. तुम्ही रिअ‍ॅक्टरमध्ये (पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) १५० ग्रॅम जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे, एकदम टाकलं. चार दिवसांत आकडा ०.११ झाला आणि अ‍ॅक्रोपोरा या फांदीदार कोरलची टोकं पांढरी पडली. घाबरून मीडिया (ते दाणे) काढला, तर आठवड्यात परत ०.३८. आता लँथॅनम (फॉस्फेट बांधणारं रसायन) टाकू का, असं विचारताय.

नका टाकू. टोकं जळाली ती जास्त फॉस्फेटमुळे नव्हे, ते चार दिवसांत उतरलं म्हणून. त्यातून अल्कलिनिटी ९.५. पोषकद्रव्यं एकदम कमी आणि अल्कलिनिटी चढी, ही जोडी अ‍ॅक्रोपोराला हमखास भोवते. ०.३८ ला कोरल मरत नाही. वाढ मंदावते, रंग मातकट होतो, शेवाळाचं फावतं, एवढंच. म्हणजे हातात वेळ आहे.

आकडा परत का चढला ते बघा. पाण्यात ०.५८ म्हणजे २०० लिटरला एकूण ११६ मिलिग्रॅम फॉस्फेट. हे किरकोळ आहे. खरा साठा रॉक आणि वाळूत असतो. त्यातलं अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेट) फॉस्फेट धरून ठेवतं, आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतं. १४ महिने जे साठलंय ते चार दिवसांत निघणार कसं? म्हणून पाणी बदलूनही फारसं हाती लागत नाही. १० टक्के बदललं तर ०.३८ चं ०.३४ होतं आणि दोन-तीन दिवसांत रॉक ते भरून काढतो. पाणी बदला जरूर, पण या कामासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

आता आवक. कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस धरला तर १ ग्रॅम पेलेटमधून सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट टँकमध्ये जातं. २०० लिटरला ते ०.१५ पीपीएम झालं. सगळं पाण्यात राहत नाही, स्किमर (फेसासोबत घाण काढणारं यंत्र), शेवाळ आणि तुमचा सॉक (गाळणीची पिशवी) बरंच काढतात, पण चिमटीने टाकणाऱ्याने एकदा ती चिमूट वजनकाट्यावर ठेवून बघावी. मासे मिनिटभरात संपवतील तेवढंच द्या. कोरल फूड आणि अमिनो सध्या बंद. फ्रोझन खाद्य धुऊन टाका, पण त्याने जग बदलेल असं समजू नका, बहुतेक फॉस्फरस खाद्याच्या आतच असतो.

दुसरी आवक टॉप-अपची, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी टाकलेल्या पाण्याची, आणि इथे नागपूरकर फसतात. मे महिन्यात टँकवर पंखा असला की २०० लिटरच्या टँकमधून दिवसाला ४-५ लिटर पाणी सहज उडतं. महिन्याचं झालं १५० लिटर. त्यात ०.१ पीपीएम फॉस्फेट असेल तरी महिन्याला ०.०७५ ची भर पडते, आणि ते उडून जात नाही, साठत जातं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरत असाल तर आजच थांबवा. त्यातल्या बहुतेक मशिनींना चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो आरओतून न गेलेलं पाणी थोडं परत मिसळतो. टीडीएस मीटर लावा, ५०-८० दिसेल. टँकला आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) हवंच आणि मीटरवर शून्य. १-२ दिसायला लागलं की रेझिन बदला. थकलेलं रेझिन आधी सिलिकेट सोडतं, मग काचेवर तपकिरी थर येतो.

मोजणी नीट नसेल तर पुढचं सगळं वाया. हॅना कंपनीचा चेकर (मोजणीचं यंत्र) फॉस्फरसचा असेल तर पीपीबीतल्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. ७५ म्हणजे ०.२३ पीपीएम. नमुन्याची बाटली बाहेरून सुती कपड्याने पुसा, बोटांचे ठसे आकडा वाढवतात. रसायनाची पुडी कात्रीने कापून तोंडाला दुमड घाला, आतली पूड टिचकी मारून शेवटच्या कणापर्यंत पाडा. दोन मिनिटं हलकेच हलवा, जोरात घुसळलं की बुडबुडे काचेला चिकटतात. बाटली उजेडाकडे धरून बघा, बुडबुडा दिसला तर बाटली तिरपी करून तो वर जाऊ द्या, मगच तीन मिनिटांचा टायमर लावा. बाटलीवर ओरखडा असेल तर फेकून द्या. मोजायची वेळ रोज एकच ठेवा, खाद्याच्या आधीची.

आता जीएफओ. पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागापासून सुरू करा, तुमच्याकडे ४० ग्रॅम. आरओ-डीआय पाण्यात भांड्यात धुवा, गंजासारखं लाल पाणी निघेल, ते स्वच्छ होईपर्यंत धुवा. रिअ‍ॅक्टरमध्ये दोन्ही बाजूंनी स्पंज, प्रवाह तासाला १००-१५० लिटर. वरचा थर जेमतेम हलताना दिसायला हवा. दाणे उसळत असतील तर घासून घासून त्यांची पूड होते आणि ती डिस्प्लेत (मुख्य टँकमध्ये) जाते. अजिबात हलत नसतील तर कॅल्शियम कार्बोनेटने गच्च ढेकूळ बनतं. रिअ‍ॅक्टर नसेल तर पिशवीत बांधून संपमध्ये चांगल्या प्रवाहात ठेवा, परिणाम कमी पण अपघातही कमी.

उतार किती? आठवड्याला आहे त्याच्या पाव भागाहून जास्त नको. ०.३८, ०.३०, ०.२३, ०.१८, असं. दर दोन दिवसांनी मोजा. त्याहून वेगाने उतरलं तर प्रवाह कमी करा किंवा मीडिया दोन दिवस बाहेर. मीडिया संपला का हे रिअ‍ॅक्टरच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून कळतं. तिथला आकडा आणि टँकमधला आकडा सारखा आला की बदला. रॉक भरलेला असल्याने पहिले दोन-तीन बॅच लवकर संपतील, त्याला मीडिया खराब म्हणू नका. एकूण दोनेक महिने धरा. ०.०५ ते ०.१० ला थांबायचं. शून्याच्या नादी लागू नका, फॉस्फेट-नायट्रेट दोन्ही शून्य झालं की डायनोफ्लॅजेलेट येतात. तो चिकट, बुडबुडेवाला तपकिरी चोथा आला की आताचं शेवाळ गोड वाटेल.

अल्कलिनिटी या काळात रोज मोजा. नवं जीएफओ ती थोडी ओढतं आणि फॉस्फेट कमी झाल्यावर कोरलही जास्त खातात. ९.५ वरून ८ ला येऊ द्या, पण दिवसाला ०.५ डीकेएचपेक्षा जास्त नको.

तुमचं नायट्रेट ४ हे या फॉस्फेटच्या मानाने कमी आहे. चेटो (मुद्दाम वाढवायचं शेवाळ) किंवा बॅक्टेरिया फॉस्फेट उचलतात तेव्हा त्यांना नायट्रोजन कितीतरी पट लागतो. नायट्रेट संपलं की फॉस्फेट जागेवरच राहतं. म्हणून नायट्रेट ५ ते १० ठेवा. २०० लिटरला १ पीपीएम वाढवायला ०.३३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट लागतं, सोडियम नायट्रेट घेतलं तर ०.२७ ग्रॅम. दिवसाला १ पीपीएमच्या वर जाऊ नका. संत्रावाले फवारतात ते १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच, आणि कृषी केंद्रात स्वस्त मिळतं, म्हणून मोह होईल. पण शुद्धतेची खात्री नसते, शिवाय शेजारीच ००:५२:३४ ची पिशवी असते, ते सरळसरळ फॉस्फेट आहे. चिमूटभर चुकलं तरी दोन महिन्यांचं काम गेलं. प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या.

लँथॅनमचं तत्त्व सोपं आहे: ते फॉस्फेटशी जुळून बारीक साका बनतो. तो ५-१० मायक्रॉनच्या सॉकमध्ये अडला नाही तर माशांच्या कल्ल्यांत जातो, टँग मासे आधी धापा टाकायला लागतात. मोठ्या सिस्टिममध्ये डोसिंग पंपाने थेंब थेंब देणारे लोक ते वापरतात. २०० लिटरला हाताने टाकायची ती वस्तू नाही. अ‍ॅल्युमिनियमवाला पांढरा मीडियाही टाळा, लेदर कोरल त्याने मिटून बसतात.

व्होडका-व्हिनेगरचा कार्बन डोस (बॅक्टेरिया वाढवून त्यांच्याकडून पोषकद्रव्यं उचलवणं) सुरू करायचा असेल तर पावसाळा लागेपर्यंत थांबा. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, बॅक्टेरिया फुलले की रात्री तो आणखी घटतो. त्यात खोलीत कूलर असेल तर हवा दमट होऊन टँकवरचा पंखाही नीट गार करत नाही.

रॉकमधला गाळ हे बिनखर्चाचं काम आहे. आठवड्यातून दोनदा ५० मिलीच्या सिरिंजने फटी फुंका, पंप चालू असताना, आणि तासाभराने सॉक बदला. वाळू खोलवर ढवळू नका. केसाळ शेवाळ हाताने उपटून बाहेर काढा, त्यात अडकलेलं फॉस्फेट कायमचं गेलं.

आणि लाइट गेली तर: रिअ‍ॅक्टर चार-पाच तास बंद राहिला असेल तर थेट सुरू करू नका. आतलं पाणी बिनऑक्सिजनचं होऊन सडतं. नळी बादलीत सोडा, दोन-तीन लिटर वाहू द्या, वास घेऊन बघा, मगच नळी परत संपमध्ये सोडा.