केनियातल्या किटुई काउंटीत पाऊस तर बरा दिसतोय, मग तिला निमशुष्क का म्हणतात? नोव्हेंबरात कामासाठी जायचंय, हवामान कसं असेल?

वर्षाचा आकडा बघून ठरवू नका, हे आधी सांगतो. मी किटुईत दोन वर्षं राहिलोय आणि जाण्याआधी मीही तोच आकडा बघून निवांत होतो.

तिथे आपल्यासारखा सलग चार महिने पावसाळा नसतो. पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही खरा जोर मोजक्या आठवड्यांचाच, बाकी सगळं कोरडं. पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग विषुववृत्त ओलांडून वर जातो, परत खाली येतो, तेवढ्या जाता-येता जे मिळेल ते. जून ते सप्टेंबर सकाळी आभाळ भरून येतं, गारवा असतो, स्वेटर लागतो, पण पाऊस जवळजवळ नाहीच. त्या दिवसांत समुद्रावरचे वारे सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळून सरळ आपल्याकडे निघालेले असतात, आपला मान्सून घेऊन. हे कळल्यावर मी कितीतरी सकाळी त्या ढगांकडे नुसता बघत बसायचो.

आणि निमशुष्क म्हणजे फक्त कमी पाऊस असं नाही. ऊन-वारा मिळून जेवढं पाणी उडवू शकतात त्याच्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो, म्हणजे 20 ते 50 टक्के, असा तो हिशोब आहे. त्यामुळे पडलेलं टिकत नाही.

मार्च-मेच्या पावसाला केनियात लांब पाऊस म्हणतात, पण किटुईतल्या शेतकऱ्याचा भरवसा ऑक्टोबर-डिसेंबरवरच असतो, मूग, चवळी, तूर, ज्वारी सगळं त्याच्यावर. तोही समुद्राच्या हातात. हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापली की धो धो, 2019 ला तसंच झालं, आणि ला निना आली, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड पडलं, की आभाळ कोरडं. 2020 च्या ऑक्टोबरपासून 2022 संपेपर्यंत पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या भागात सलग पाच हंगाम फेल गेले, पाच, आणि तिथली माणसं त्याबद्दल अजून हळू आवाजात बोलतात.

नद्या बहुतेक वर्षभर वाळूच्याच दिसतील. पण वाळूत झिरा खणला की पाणी लागतं, म्हणून तिथे नदीच्या पात्रात आडवी भिंत घालून मागे वाळू साठू देतात, पाणी त्या वाळूत राहतं आणि उन्हाने उडत नाही. मी पाहिलेली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे ही, जमलं तर एक तरी बंधारा बघून याच.

नोव्हेंबर म्हणजे तुम्ही ऐन पावसात जाताय. संध्याकाळी जोरदार सर येते, कोरडा ओढा अर्ध्या तासात भरून वाहतो, तेव्हा गाडी पाण्यात घालू नका, ओसरेपर्यंत थांबा. पश्चिमेकडच्या टेकड्यांवर पाऊस जास्त, पूर्वेला सखल भागात कमी आणि उकाडा जास्त, त्यामुळे नक्की कुठे राहणार ते आधी विचारून घ्या.