गावच्या मातीच्या दाबविटांनी (न भाजता दाबून केलेल्या विटांनी) शाळेची खोली बांधली, तर पावसात टिकेल का?

टिकते. आमच्या बालवाडीच्या खोलीने पाच पावसाळे काढलेत.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, गांदो गावातही लोकांनी हीच शंका काढली होती. तिथलेच फ्रान्सिस केरे बर्लिनमध्ये वास्तुकला शिकता शिकता गावासाठी शाळा बांधत होते. मातीत थोडं सिमेंट घालून विटा तिथेच दाबल्या. २००१ मध्ये शाळा उभी राहिली. युक्ती छपरात आहे. पत्रा सळयांच्या कैचीवर उंच उचलून चांगला बाहेर काढलाय, त्यामुळे पाणी भिंतीला लागत नाही आणि गरम हवा मधून निघून जाते. (एप्रिलमध्ये पत्र्याखाली पाढे म्हटलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) पायाचे दगड पोरांनीच शाळेत येता येता आणले. केरेंना २०२२ चं प्रित्झकर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक मिळालं.

आता तुमच्या कामाचं. काळी माती नको, ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. वरचा मुळं-काडीकचऱ्याचा थर बाजूला काढून खालची तांबूस, रेताड माती घ्या आणि चाळा. १०० किलो मातीला साधारण ५ ते ८ किलो सिमेंट. ओल बघायची तर लाडू वळून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. चार-पाच तुकडे झाले की बरोबर, नुसता चपटा बसला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. अर्ध्या तासात दाबून होईल एवढंच कालवा.

आम्ही फसलो ते पाणी मारण्यात. होळीला गवंडी गावी गेले, नुकत्याच पाडलेल्या थप्पीवर चार दिवस कुणी पाणी मारलं नाही. नंतर त्या विटांच्या कडा नखाने खरवडल्या तरी पीठ पडायचं. तीनेकशे विटा अंगणात भरावाला गेल्या. पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवा, मग चार आठवडे ओलं गोणपाट. ही पाळी कुणाची, ते आधी ठरवा. बायकांच्या बचत गटाने घेतली तेव्हाच आमचं जमलं.

जोतं दगडी आणि पागोळ्यांच्या शिंतोड्यांवर राहील इतकं उंच घ्या. शाळा आहे म्हणून नमुन्याच्या विटा भिजवून त्यांची दाबचाचणी करून घ्या. आयएस १७२५ हे भारतीय मानक अशा विटांसाठीच आहे, इंजिनिअरसाहेबांनी नाक मुरडलं तर तेच पुढे करा.