टाइम ट्रायलच्या निकालावरची हरकत रविवारवर ढकलू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. शनिवारी वैयक्तिक टाइम ट्रायल (एकेका स्वाराला वेगळे सोडून घड्याळाशी होणारी शर्यत), रविवारी घाट असलेली रोड रेस आणि दोन्ही दिवसांची वेळ मिळून एकूण क्रमवारी. शनिवारच्या निकालपत्रकात तुमची वेळ तुमच्या सायकल कॉम्प्युटरवरील वेळेपेक्षा बरोबर एक मिनिट जास्त, आणि निकालाच्या टेबलावर मिळालेले उत्तर एवढेच की "उद्या शर्यतीनंतर बघू." काही वर्षांपूर्वी माझ्या बाबतीत हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो आहे. टायरमधील हवा, वॉर्म-अप, आदल्या रात्रीचे जेवण हे सारे तुम्हाला ठाऊक असल्याचे पोस्टवरूनच दिसते, तेव्हा ते सोडून देतो. मी प्रमाणित पंच नाही. जे लिहितो आहे ते स्वतःच्या आणि सोबतच्या सायकलपटूंच्या अनुभवावरून लिहितो आहे, आणि प्रत्येक शर्यतीत अंतिम शब्द तिच्या टेक्निकल गाइडचाच (नियमपुस्तिकेचाच) असतो, हे आधीच स्पष्ट करतो.

तुमच्या पोस्टमधील महत्त्वाची गोष्ट "बरोबर एक मिनिट" ही आहे. फरक सदतीस किंवा बावन्न सेकंदांचा असता, तर मी चिप (सायकलवर लावलेला, वेळ नोंदवणारा इलेक्ट्रॉनिक तुकडा) नीट वाचली गेली नसावी किंवा कॉम्प्युटर उशिरा सुरू झाला असावा असे म्हटले असते. स्वारांना एकेका मिनिटाने सोडले जाते अशा टाइम ट्रायलमध्ये पूर्ण मिनिटाचा फरक पडतो, तेव्हा चूक बहुधा स्टार्ट लिस्टमध्ये, म्हणजे कोण किती वाजता सुटणार या यादीत असते. अनेक हौशी शर्यतींत चिप वाचणारे यंत्र फक्त अंतिम रेषेवर असते आणि सुटण्याची वेळ यादीवरून धरली जाते. सकाळी काही स्वार येतच नाहीत, कोणाचा वयोगट ऐनवेळी बदलतो, एखादे नाव वाढते, आणि रांग पुढे-मागे सरकते. स्टार्टर, म्हणजे रेषेवर स्वारांना सोडणारा अधिकारी, आपल्या हातातील कागदावर पेनाने दुरुस्ती करतो, पण निकाल काढणाऱ्या संगणकात जुनीच यादी राहते. नियमानुसार तुमचे घड्याळ ठरलेल्या वेळेला सुरू होते, मग तुम्ही सुरुवातीच्या रेषेवर असा वा नसा. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये आदल्या वर्षीचा विजेता पेद्रो देल्गादो लक्झेंबर्गमधील पहिल्याच टाइम ट्रायलला दोन मिनिटे चाळीस सेकंद उशिरा पोहोचला आणि ती सगळी वेळ त्याच्या खात्यावर पडली. तो स्वतः उशिरा आला होता, म्हणून ते न्याय्यच होते. तुम्ही मात्र स्टार्टरने सांगितलेल्या क्षणी सुटलात.

माझ्या वेळी माझ्या पुढे एक नाव वाढवले गेले होते, त्यामुळे मी आणि माझ्यामागचे सगळे एक मिनिट उशिरा सुटलो. निकाल लागला तेव्हा टेबलावर बसलेल्या मुलाने सांगितले की आकडे टायमिंग करणाऱ्यांकडून आले आहेत. टायमिंगच्या तंबूत उत्तर मिळाले की आम्ही कच्ची माहिती आयोजकांना दिली, आमचे काम संपले. आयोजकांच्या कार्यालयात सांगण्यात आले की पत्रकावर पंचांची सही झाली आहे, आता त्यांनाच विचारा. पंच कुठे बसले आहेत हे मात्र तिथे कोणी सांगेना. ही टोलवाटोलवी दुपारपर्यंत चालली. शेवटी पंचांची खोली सापडली तेव्हा हरकत घेण्याची मुदत संपल्याचे ऐकायला मिळाले. मुदत निकाल लावल्यापासून मोजली जाते, हे मला मान्य आहे. पण भिंतीवर चिकटवलेल्या त्या पत्रकावर ते किती वाजता लावले याची नोंदच नव्हती. ती वेळ लिहिलेली नसेल, तर मुदत संपली हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? या प्रश्नाला त्या कार्यालयाने आजतागायत उत्तर दिलेले नाही. नोंदणीचे शुल्क घेताना ज्यांच्याकडे पोचपावती असते, त्यांच्याकडे निकालपत्रकावर वेळ टाकण्यापुरती शाई नसावी, याचा मला आजही संताप येतो.

"एका मिनिटाने एवढे काय बिघडते" असे तुम्हाला कोणी म्हणेल, मला तर तिथल्याच एका अधिकाऱ्याने म्हटले होते. त्याच १९८९ च्या टूरचा निकाल तीन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरानंतर अवघ्या आठ सेकंदांनी लागला: शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या टाइम ट्रायलमध्ये ग्रेग लेमाँडने लॉराँ फिन्योंला मागे टाकले. आपल्या दोन दिवसांच्या शर्यतीत तर मिनिटाचे मोल त्याहून मोठे असते, कारण रोड रेसमध्ये एका गटात रेषा ओलांडणाऱ्या सर्वांना सारखीच वेळ मिळते. बंचसोबत (मुख्य घोळक्यासोबत) पोहोचलात, तर शनिवारचा एक सेकंदही भरून निघत नाही. अंतिम रेषेवर काही सेकंदांचा बोनस असला, तरी तो पहिल्या दोघा-तिघांपुरताच असतो. म्हणजे वीस सेकंदांनी मागे असलेला स्वार बंचमध्ये शांत बसून पुढच्यांच्या चुकांची वाट पाहू शकतो, पण ऐंशी सेकंदांनी मागे असलेल्याला एकट्याने किंवा छोट्या गटाने निसटण्यावाचून पर्याय उरत नाही. चुकीचे मिनिट फक्त क्रमांक बदलत नाही, रविवारी कशी शर्यत करायची हेही तेच ठरवून टाकते.

माझे तसेच झाले. खऱ्या वेळेनुसार मी पहिल्या काही जणांत होतो आणि घाटमाथ्यापर्यंत मला फक्त त्यांच्या मागे राहायचे होते. कागदावरील वेळेनुसार मात्र घाटाच्या पायथ्याशीच निघणे भाग होते. माथ्यावर मला चांगले अंतर मिळाले होते, पण पुढे सपाटीवर समोरून वारा होता. दुसऱ्याच्या आडोशाला चालणाऱ्याची ताकद सपाटीवर सहज पाव हिस्सा वाचते, कधी त्याहून जास्त, तिथे एकटा स्वार आळीपाळीने ओढणाऱ्या गटापुढे फार वेळ टिकत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटांचा राजा' हा किताब अंतिम विजेत्याहून वेगळा ठेवला आहे, त्यामागे हेच कारण असावे. खंडाळ्याचा चढ आधी पार करणारा आणि लोणावळ्यानंतरच्या सपाट, हळूहळू उतरत्या रस्त्यावरून पुण्यात आधी पोहोचणारा एकच असेल, असे नाही.

आता पुढच्या वेळेसाठी. सकाळी स्टार्ट लिस्टचा फोटो काढा, आणि सुधारित यादी लागली तर तिचाही काढा. रेषेवर उभे राहण्यापूर्वी स्टार्टरला तुमची सुटण्याची वेळ स्पष्ट विचारा आणि ती त्याच्या कागदावर कशी लिहिली आहे ते पाहा. तुमच्या लगेच पुढच्या आणि मागच्या स्वाराचे बिब नंबर (जर्सीवरील क्रमांक) लक्षात ठेवा. माझ्या मते हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, कारण तिघांच्याही वेळेत तेच मिनिट वाढलेले दिसले, तर दोष एका माणसाचा नसून यादीचा आहे हे कोणालाही नाकारता येत नाही. कॉम्प्युटरमधील जीपीएस नोंदीत घड्याळाची वेळ उपग्रहावरून घेतलेली असते, त्यामुळे चाक हलले तो क्षण त्यातून चांगला कळतो. तरीही बरेच पंच ती नोंद पुरावा म्हणून स्वीकारत नाहीत, म्हणून ती फक्त जोडीला ठेवा.

टाइम ट्रायल झाल्यावर हॉटेलवर परतू नका. तात्पुरता निकाल लागेपर्यंत तिथेच थांबा, तो लागताच फोटो काढा (फोनमध्ये वेळ आपोआप नोंदली जाते) आणि चूक दिसली तर टेबल, तंबू, कार्यालय सगळे ओलांडून थेट मुख्य कमिसेअरकडे, म्हणजे मुख्य पंचांकडे जा. टायमिंगवाले फक्त आकडे देतात आणि आयोजक ते छापतात, निकालावर सही पंचांची असते आणि तो बदलण्याचा अधिकारही त्यांचाच असतो. ते कुठे बसतात हे आदल्या संध्याकाळच्या बैठकीतच विचारून ठेवा. हरकत तोंडी सांगू नका. बिब नंबर, गट, छापलेली वेळ, तुमच्या मते योग्य वेळ आणि एका वाक्यात कारण, एवढेच लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर वेळेसह पोच घ्या. काही ठिकाणी हरकतीसाठी शुल्क भरावे लागते, तेव्हा खिशात रोख असू द्या. टेबलावरच्या मुलावर आवाज चढवू नका, त्याच्या हातात काहीच नसते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी गाजावाजा केल्याने पंच अधिक ताठर होतात, असे माझे निरीक्षण आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

दोन किरकोळ गोष्टी. टाइम ट्रायलसाठी लावलेले एरोबार (पुढे झुकून हात टेकवायचे जास्तीचे हँडल) शनिवारी दुपारीच काढा, कारण एकत्र सुटणाऱ्या शर्यतीत ते चालत नाहीत आणि रविवारी पहाटे अंधारात हँडलचे बोल्ट घाईने आवळणे धोक्याचे असते. दोन्ही दिवसांसाठी वेगळ्या सायकली वापरत असाल, तर चिप एका फोर्कवरून (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यावरून) दुसऱ्यावर लावायला विसरू नका.

तुमच्या या शर्यतीचा निकाल आता अंतिम झाला असला, तरी अर्ज करावा असे मला वाटते. आयोजकांना लिहा आणि एक प्रत राज्य संघटनेला पाठवा. पदक किंवा बक्षीस मागू नका, फक्त नोंदीतील वेळ दुरुस्त करण्याची विनंती करा, आणि स्टार्टरच्या हातातील दुरुस्त्या केलेला मूळ कागद जपून ठेवावा अशी स्पष्ट मागणी करा, कारण तोच सर्वांत आधी कचऱ्यात जातो. तुमच्या पुढच्या-मागच्या दोन्ही स्वारांना आजच गाठा आणि त्यांच्या निकालातही ते मिनिट वाढले आहे का ते विचारा. एकाने जरी लेखी दुजोरा दिला, तरी अर्जाचे वजन वाढेल. मसुदा इथे टाकलात तर मी वाचून सुचवेन.