ब्लाउज बसतो, तारीख हुकते

प्रश्न : मी साताऱ्यात घरी ब्लाउज शिवते. माझ्या कटोरी आणि प्रिन्सेस कटसाठी बायका पार वाईहून येतात. पण दिलेली तारीख हुकते, हिशेबाची वही अर्धी कोरी आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मुळीच जमत नाही. आरी वर्कचा, म्हणजे आकडीच्या सुईनं करायच्या भरतकामाचा क्लास करायचा मनात आहे. जाऊबाई म्हणतात, ‘आधी आपले दोष काढ, मग नवीन शिक.’ काय करू?

उत्तर : ताई, जाऊबाईंचं थोडं बरोबर आहे, पण थोडंच. तुम्ही तिन्ही दोष एकाच दावणीला बांधलेत. गोड बोलणं सोडून द्या. ज्या बाईच्या पाठीवर एक चुणी पडत नाही, ती तुमचं फटकळ बोलणं कौतुकानं सांगत फिरते.

तारखेचं मात्र तसं नाही. हळदीच्या सकाळी ब्लाउज हातात नसेल, तर तो कितीही सुरेख असो, काय कामाचा? हे मी पोळून शिकले आहे. मी दिवाळीत अनारशांच्या ऑर्डरी घ्यायचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, त्यात कधी कसूर नाही. पण कुणी ‘पन्नास द्या हो’ म्हटलं की मान डोलवायची आणि लिहायचं नाही. एका वसुबारसेला कबूल केले होते तीनशे, पीठ निघालं जेमतेम दोनशेचं. मग एकाच रात्रीचे भिजवलेले तांदूळ वाटले, घाईत गूळ जास्त पडला. अनारसे कढईत विखरून हसले आणि मी ओट्याशी रडले.

त्यानंतर मी काही हिशेबात हुशार झाले नाही. फक्त ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलं. ज्या त्या चौकोनात आकडा लिहायचा, साठ झाले की ‘नाही’ म्हणायचं. बास.

आमच्या घरी क्रिकेटचं वेड, म्हणून कुंबळे आठवतात. लेगस्पिनर, पण चेंडू फारसा वळायचा नाही. त्यांनी वेग, उसळी आणि टप्पा यांवरच भिस्त ठेवली. १९९९ मध्ये दिल्लीत पाकिस्तानचे एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, कसोटीत एकूण ६१९. वळत नाही म्हणून झुरत बसले असते तर? पण रेघेपुढे पाय टाकून नो-बॉल दिला, तर कुणाचं भागत नाही. तुमची तारीख म्हणजे ती रेघ.

तेव्हा कापड हातात आलं की त्यालाच चिठ्ठी टाचा: नाव, माप, तारीख. गिऱ्हाइकाला सांगाल त्याच्या दोन दिवस आधीची तारीख चिठ्ठीवर घाला.

आणि वही? जाऊबाईंना इतके दोष दिसतात, तर नजर बारीक आहे त्यांची. त्यांच्याकडेच द्या, महिन्याला ठरावीक पैसे देऊन. फुकट नको, बोलणी खावी लागतील.

क्लास जरूर करा, पण आषाढात. तेव्हा लग्नं फारशी नसतात, मशीनही जरा निवांत असतं.